मुद्रक पिंजऱ्यात, प्लॅटफॉर्म मोकळा

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की एक गोष्ट ठरलेली असते. कुठल्या तरी खात्यावरून बाबासाहेबांचे विद्रूप केलेले चित्र टाकले जाते, खाली जातीवाचक शिव्यांचा पाऊस पडतो. आपले कार्यकर्ते स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जातात. निवेदन दिले जाते, ठिय्या होतो, उशिरा का होईना गुन्हा नोंदवला जातो. फार झाले तर एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला अटक होते आणि त्याचा माफीचा व्हिडिओ फिरतो. पण ज्या कंपनीच्या यंत्रणेने ते चित्र रात्रीतून हजारो-लाखो मोबाईलपर्यंत पोहोचवले, त्याच्या आजूबाजूला जाहिराती लावून पैसा कमावला आणि तक्रार केल्यावर नियमांचे उल्लंघन आढळले नाही असे छापील उत्तर पाठवले, त्या कंपनीचे नाव एफआयआरमध्ये नसते.

विचारले तर कंपनी सांगते, आम्ही लिहीत नाही, आम्ही फक्त जागा देतो. भिंतीवर कुणी काही लिहिले तर भिंतीचा काय दोष?

हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की आपल्यापैकी अनेकांना ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. पण तो निसर्गनियम नाही. त्याला जेमतेम तीस वर्षांचा इतिहास आहे. त्याआधी शब्दाची जबाबदारी कुणाकुणाच्या गळ्यात पडत होती, ती कुणाच्या गळ्यातून कधी सुटली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे समजून घेतल्याशिवाय आपली मागणी नेमकी होणार नाही.

पुणे, १९२६

सुरुवात आपल्याच इतिहासापासून करू. १९२५ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे. प्रस्तावना केशवराव बागडे यांची, छपाई रामचंद्र लाड यांची. पुस्तकात चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर जहाल भाषेत टीका होती. पुण्यातल्या ब्राह्मण मंडळींनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आरोपी कोण? फक्त जवळकर नव्हे. लिहिणारा, प्रकाशित करणारा, प्रस्तावना लिहिणारा आणि छापणारा, चौघेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. खालच्या कोर्टाने शिक्षाही सुनावली.

अपिलात या चौघांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर. ऑक्टोबर १९२६ मध्ये बाबासाहेबांनी ते अपील जिंकले आणि चौघेही सुटले. ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासात ही घटना अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या खटल्यातली दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. खिळे जुळवून कागद छापणाऱ्या मुद्रकालासुद्धा कायद्याने शोधून काढले होते. 'मी फक्त छापतो, लिहिले दुसऱ्याने' हा बचाव त्याला आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवू शकला नाही.

ही सोय इंग्रज सरकारने साठ वर्षे आधीच करून ठेवली होती. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण छापणे सक्तीचे केले. वृत्तपत्राच्या मुद्रक-प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन तसे प्रतिज्ञापत्र करावे लागे आणि तेच पुढे कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाई. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी दिसणारी ती बारीक ओळ म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. उद्या कुणाला पकडायचे, त्याचा तो पत्ता होता. हा कायदा २०२४ च्या मार्चपर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला.

त्याआधी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीचा तो खटला होता. ज्या पत्रांच्या आधारे मजकूर छापला ती इतरांनी पुरवली होती आणि ती बनावट ठरली. तरी तुरुंगात गेले ते संपादक. म्हणजे दुसऱ्याने पुरवलेल्या मजकुराची जबाबदारी प्रसिद्ध करणाऱ्यावर येते, हे तत्त्व महाराष्ट्राला इंटरनेटच्या शंभर वर्षे आधीपासून माहीत होते.

याच कायद्याच्या चौकटीत ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. पैसे देऊनही 'केसरी'ने मूकनायकची जाहिरात छापायला नकार दिला होता. म्हणजे ज्याला जाहिरात मिळत नव्हती, वर्गणी पुरत नव्हती, त्या पाक्षिकाने आपल्या प्रत्येक अक्षराची कायदेशीर जबाबदारी नाव छापून घेतली होती. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढताना बाबासाहेबांनी संपादक म्हणून स्वतःचेच नाव घातले. आमच्या पत्रकारितेला जबाबदारीची भीती कधी वाटली नाही. प्रश्न इतकाच आहे की ज्यांच्याकडे जगातला सर्वात मोठा छापखाना आहे, ते या जबाबदारीतून सुटले कसे?

सुटकेचा जन्म अमेरिकेत

छापखान्याच्या काळातही कायद्याने एक फरक केला होता. प्रकाशक वेगळा आणि पुस्तकविक्रेता वेगळा. दुकानात हजार पुस्तके ठेवणाऱ्याने प्रत्येक पान वाचलेले असावे, अशी अपेक्षा करता येत नाही. पण एखाद्या पुस्तकात काय आहे हे कळल्यावरही तो ते विकत राहिला, तर जबाबदार. हा साधा न्याय होता: माहीत नसेल तर सूट, माहीत असेल तर नाही.

अमेरिकेत इंटरनेटचे सुरुवातीचे खटले याच न्यायाने चालले. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीला कोर्टाने पुस्तकविक्रेत्याच्या जागी धरले आणि सोडले. १९९५ मध्ये प्रॉडिजी या दुसऱ्या कंपनीला मात्र न्यूयॉर्कच्या कोर्टाने प्रकाशक ठरवले, कारण ती आपल्या मंचावरचा घाणेरडा मजकूर काढत होती, म्हणजे संपादन करत होती. निकालाचा अर्थ विचित्र झाला. जो झाडू मारतो तो अडकतो, जो हात बांधून बसतो तो सुटतो. प्रॉडिजीवर हा खटला भरणारी शेअर दलालीची कंपनी होती स्ट्रॅटन ओकमाँट. तिच्याच मालकांना पुढे फसवणुकीबद्दल तुरुंगात जावे लागले.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला. त्यातले कलम २३० सांगते की दुसऱ्याने दिलेल्या मजकुराबद्दल इंटरनेट सेवा देणाऱ्याला प्रकाशक मानायचे नाही. झाडू मारणाऱ्याला शिक्षा होऊ नये, हा हेतू होता. पण दुसऱ्याच वर्षी, १९९७ च्या झेरान विरुद्ध अमेरिका ऑनलाइन खटल्यात कोर्टाने त्याचा अर्थ पार ताणला. एका माणसाच्या फोन नंबरसह खोट्या, संतापजनक जाहिराती टाकल्या गेल्या होत्या. त्याला धमक्यांचे फोन येत होते. त्याने कंपनीला वारंवार कळवले. कोर्ट म्हणाले, कळवले असले तरी कंपनी जबाबदार नाही.

मित्रांनो, इथे तो जुना न्याय मोडला. माहीत असूनही विकत राहणारा पुस्तकविक्रेता जबाबदार होता, माहीत असूनही मजकूर ठेवणारी कंपनी मात्र मोकळी झाली. त्या वेळी गुगल जन्माला आले नव्हते, फेसबुक तर फार दूर. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्या या मोकळ्या मैदानावर उभ्या राहिल्या.

एक सूट मात्र अमेरिकेने दिली नाही. सिनेमा आणि संगीताच्या मालकांचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, या संरक्षणाबाहेर ठेवला गेला. तो मुद्दा लक्षात ठेवा, तो भारतातही येणार आहे.

भारत: बाजीपासून श्रेया सिंघलपर्यंत

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्यातल्या कलम ७९ ने मध्यस्थ कंपन्यांना सूट दिली होती, पण आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण योग्य खबरदारी घेतली, हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर होते. डिसेंबर २००४ मध्ये बाजी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली गेली आणि कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. उद्योगजगत हादरले. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो प्रमुख सुटला, पण त्याआधीच कायदा बदलला होता.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांत, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने दुरुस्ती मंजूर केली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. याच एका दुरुस्तीने दोन कामे केली. कलम ७९ नव्याने लिहून कंपन्यांचे संरक्षण रुंद केले. आणि कलम ६६ अ आणून सामान्य माणसाला त्रासदायक किंवा आक्षेपार्ह संदेशाबद्दल तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकण्याची सोय केली. वरच्याला ढाल, खालच्याला काठी.

ती काठी कुणावर पडली हे महाराष्ट्राने पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न केला, दुसरीने तो लाइक केला. दोघींनाही अटक झाली. लाइक करणारी आरोपी, फेसबुक साक्षीदारसुद्धा नाही.

२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले. हा स्वातंत्र्याचा मोठा विजय होता आणि आजही आहे. पण त्याच निकालात कलम ७९ बद्दल न्यायालयाने ठरवले की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावरच कंपनीला 'प्रत्यक्ष माहिती' झाली असे समजायचे. कुणीही तक्रार करावी आणि कंपनीने भीतीपोटी मजकूर उडवावा, असे होऊ नये हा त्यामागचा विचार होता. विचार चुकीचा नाही. पण त्याचा व्यवहारातला अर्थ पाहा. बीड किंवा परभणीच्या एखाद्या वस्तीतल्या मुलीचा फोटो जातीवाचक शिव्यांसह फिरतोय. तिने कंपनीला दहा वेळा कळवले तरी या निकालानुसार कंपनीला कायद्याने काहीच माहीत नसते. माहिती होण्यासाठी तिने आधी वकील गाठायचा, कोर्टात जायचे, आदेश मिळवायचा.

आता तो कॉपीराइटचा मुद्दा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा सांगतो की मालकाने लेखी तक्रार केली की मध्यस्थाने तो मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा, आणि नियमानुसार ही कारवाई ३६ तासांत करायची. कोर्टाचा आदेश नंतर आणला तरी चालतो. डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कॉपीराइटच्या बाबतीत श्रेया सिंघलची कोर्टादेशाची अट लागू होत नाही, मालकाने नेमकी कळवलेली माहिती पुरेशी आहे. आणि यूट्यूबकडे २००७ पासून अशी यंत्रणा आहे की मालकाचे गाणे कुणी वापरले तर ती ते आपोआप ओळखते.

म्हणजे तंत्र आहे, कायदा आहे, इच्छाही आहे. फक्त ती गाण्याच्या मालकासाठी आहे. गाण्याची मालकी ही मालमत्ता आहे. आमची अब्रू मात्र या व्यवस्थेच्या लेखी अजून मालमत्ता झालेली नाही.

किंमत कुणी मोजली?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी तिथे आले होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. भटक्या समाजाचा अनोळखी माणूस म्हणजे चोर, हा इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने रुजवलेला समज. नव्या यंत्राने त्याला वेग दिला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती.

पण पुढे काय घडले ते पाहा. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा संदेशांचे फिरणे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कुणाचा संदेश न वाचता, कुणाची गुप्तता न मोडता हे झाले. मग भिंत म्हणवणाऱ्याला विचारले पाहिजे की वेग कमी करण्याची चावी तुमच्या हातात होती, तर ती राईनपाड्याआधी का फिरवली नाही? भिंतीला चावी नसते. चावी यंत्राला असते आणि यंत्राला मालक असतो.

हे फक्त भारताचे नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना पळून जावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये द्वेष पसरवण्यातल्या फेसबुकच्या भूमिकेवर बोट ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीने मान्य केले. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारी यंत्रणा हिंदी आणि बंगालीत पुरेशी नव्हती, हे त्यातून दिसले. खोटी माहिती ओळखण्याच्या कामाचा ८७ टक्के वेळ-खर्च एकट्या अमेरिकेसाठी होता. हिंदीची ही गत, तर वऱ्हाडी-अहिराणीतली जातीवाचक शिवी कोणते यंत्र ओळखणार? खर्च न करण्याचा निर्णय हासुद्धा निर्णयच असतो, आणि निर्णय घेणाऱ्यावर जबाबदारी येते.

थांबवू शकत होता, थांबवले नाही

माध्यमाच्या मालकाला जबाबदार धरण्याचा जगातला सर्वात गंभीर दाखला रवांडाचा आहे. १९९४ मध्ये तिथे तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला. आरटीएलएम नावाच्या रेडिओवरून रोज तुत्सींना झुरळे म्हटले जात होते, नावे-पत्ते सांगितले जात होते. रेडिओच्या संस्थापकांपैकी एक होता फर्डिनांड नाहिमाना, इतिहासाचा प्राध्यापक. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्याला दोषी ठरवले. २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा तीस वर्षांवर आली, पण एक गोष्ट टिकली. तो स्वतः माइकवर बोलत नव्हता. बोलणाऱ्यांवर त्याचा ताबा होता, तो थांबवू शकत होता आणि त्याने थांबवले नाही, म्हणून तो दोषी.

फेसबुक म्हणजे आरटीएलएम, असे मी म्हणत नाही. तिथे संहाराचा हेतू होता, इथे नफ्याचा हेतू आहे, हा फरक मोठा आहे. शिक्षेचे मापही वेगळे असेल. पण तत्त्व तेच आहे: ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद आहे आणि ज्याला माहिती आहे, तो हात झटकू शकत नाही.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. ते अट्रॉसिटी कायद्यातच आहे. १९८९ च्या कायद्याचे कलम ४ उघडून पाहा. अत्याचार करणारा तर गुन्हेगार आहेच, पण जो लोकसेवक जाणूनबुजून आपले कर्तव्य टाळतो, तक्रार नोंदवत नाही, तपास करत नाही, त्यालाही शिक्षा सांगितली आहे. हे कलम का आले? कारण गावातल्या अत्याचारामागे ठाण्यातली उदासीनता उभी असते, हे चळवळीने वर्षानुवर्षे अनुभवले होते. आज तक्रारीचे पहिले ठाणे कंपनीचे 'रिपोर्ट' बटण झाले आहे. तिथल्या उदासीनतेला मात्र कोणतेही कलम ४ नाही.

आपल्या गळ्याला फास?

इथे अनेक कार्यकर्ते एक शंका घेतात, आणि ती शंभर टक्के खरी आहे. कंपन्यांवर दंड बसवा म्हटले की सरकारला कात्री मिळेल आणि पहिली कात्री आपल्याच जिभेवर चालेल.

पुन्हा 'देशाचे दुश्मन'कडे या. जबर दंडाच्या भीतीखाली असलेल्या कंपनीपुढे ते पुस्तक आज ठेवले तर ती काय करेल? पाच मिनिटांत उडवेल. प्रस्थापितांच्या दैवतांवर जहाल टीका, भावना दुखावल्याच्या हजारो तक्रारी, वर राजकीय दबाव. कंपनीला बाबासाहेबांसारखा वकील लावून लढायची गरज नाही. तिला फक्त डोकेदुखी टाळायची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरच्या प्रमुखाने ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचे एक पोस्टर हातात धरले, तेव्हा गदारोळ होताच कंपनीने सफाई देऊन अंग काढून घेतले. २०१९ मध्ये बहुजन आवाजांची खाती बंद केल्याबद्दल आणि निळी टिक देण्यात भेदभाव केल्याबद्दल त्याच कंपनीविरुद्ध आपल्याच लोकांनी आंदोलन केले.

सरकारचा अनुभवही समोर आहे. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवाडा १५ दिवसांत द्यायचा. इथवर चांगले होते. पण अपील समित्या सरकारने स्वतःच नेमल्या. २०२३ मध्ये सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती बातमी खोटी, हे ठरवणारा विभागही सरकारच नेमणार अशी दुरुस्ती आली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. आरोपीनेच न्यायाधीश व्हायचे, हा प्रकार होता.

म्हणून 'कंपन्यांना जबाबदार धरा' एवढी घोषणा पुरत नाही. कशाबद्दल जबाबदार आणि कुणापुढे जबाबदार, हे आपण सांगितले पाहिजे. नाहीतर दुसरे कुणी तरी सांगेल आणि ते आपल्याविरुद्ध असेल.

आपली मागणी

जर्मनीने २०१७ मध्ये उघड बेकायदेशीर मजकूर २४ तासांत काढा, नाहीतर पाच कोटी युरोपर्यंत दंड, असा कायदा केला. त्यावर रास्त टीका झाली, कारण घाईत चुकीचे काढल्याबद्दल दंड नव्हता, ठेवल्याबद्दल होता. युरोपियन युनियनने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात वेगळा रस्ता घेतला. प्रत्येक पोस्टमागे धावण्याऐवजी कंपनीच्या वागणुकीवर बोट ठेवले. महिन्याला साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणेमुळे समाजाला होणारे धोके स्वतः तपासून जाहीर करायचे, बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची, संशोधकांना माहिती द्यायची. चुकले तर जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. हा कायदा निर्दोष नाही, पण दिशा योग्य आहे.

यातून आपली मागणी पाच मुद्द्यांत मांडता येते.

एक, जबाबदारी कृतीची असावी. कुणी काय लिहिले याबद्दल लिहिणारा उत्तर देईल. पण कंपनीने ते किती लोकांपुढे ढकलले, त्यावर किती कमावले आणि तक्रार मिळाल्यावर काय केले, याबद्दल कंपनीने उत्तर द्यावे.

दोन, अट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये येणाऱ्या मजकुरासाठी कॉपीराइटसारखी तक्रारीची पद्धत हवी. पीडिताने लेखी तक्रार केली की मजकुराचा प्रसार तात्पुरता थांबवायचा आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा. दुर्लक्ष केले तर कलम ४ च्या धर्तीवर कर्तव्यात कसूर म्हणून कारवाई.

तीन, काढलेल्या प्रत्येक मजकुराचे कारण आणि अपिलाचा हक्क लेखकाला मिळावा. अन्यायाने काढल्याबद्दलही कंपनीला दंड असावा. नाहीतर आजचे जवळकर आणि जेधे गुपचूप पुसले जातील.

चार, हे सारे पाहणारे प्राधिकरण सरकारच्या खिशातले नसावे. त्यात निवृत्त न्यायाधीश, अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि स्त्रिया यांचे प्रतिनिधी असावेत. कंपन्यांनी मराठीसह प्रत्येक भाषेत किती माणसे तपासणीला ठेवली, हे दरवर्षी जाहीर करावे.

पाच, या निमित्ताने सर्वांच्या खासगी संदेशांचे कुलूप तोडण्याची मुभा देऊ नये. कुलूप तुटले तर आधी वाचला जाईल तो कार्यकर्त्याचा फोन. राईनपाड्यानंतरच्या मर्यादेने दाखवून दिले आहे की कुलूप न तोडताही वेग रोखता येतो.

यावर कंपन्या म्हणतील, आम्ही खासगी आहोत, संविधान सरकारला बांधते. त्यांना कलम १५(२) आणि कलम १७ दाखवा. दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता इथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, आणि अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळता येणार नाही, हे बंधन या संविधानाने खासगी माणसावरही घातले आहे. महाडच्या तळ्यावर अडवणारे लोक सरकारी नोकर नव्हते. जिथे सगळा समाज जमतो त्या जागेच्या मालकीची सबब चालणार नाही, हा तिथला धडा होता. आजचे चवदार तळे मोबाईलच्या पडद्यावर आहे.

न्यायालयेही हळूहळू इकडे वळत आहेत. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवर टाकलेला जातीय अपमानाचा मजकूर जेव्हा जेव्हा कुणी पाहतो, तेव्हा तेव्हा पीडित तिथे हजर आहे असेच मानले पाहिजे. हा निकाल अपमान करणाऱ्यापुरता आहे. पण प्रत्येक वेळी अपमान नव्याने घडत असेल, तर तो प्रत्येक वेळी नव्याने दाखवणारा कोण, हा प्रश्न फार काळ टाळता येणार नाही.

तोपर्यंत काही कामे आपल्या हातात आहेत. पुढच्या वेळी गुन्हा नोंदवायला जाल तेव्हा फक्त स्क्रीनशॉट नेऊ नका. मजकुराची पूर्ण लिंक, तारीख, वेळ आणि तो किती जणांनी पाहिला तो आकडा न्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा, नियमातल्या मुदतीत काय उत्तर आले तेही जोडा. समाज आणि जमातींबद्दल द्वेष पसरवणारा मजकूर कलम ३(१)(यू) मध्ये आणि आपल्या दिवंगत महापुरुषांचा अवमान कलम ३(१)(व्ही) मध्ये येतो, हे ठाणे अंमलदाराला सांगा. तक्रारीत कंपनीची भूमिका वेगळ्या परिच्छेदात लिहा, ती तपासण्याची मागणी करा. आज तपास अधिकारी तो परिच्छेद बाजूला ठेवेल. पण अशा शेकडो तक्रारी जमल्या की कुणी तरी वकील त्या उच्च न्यायालयात नेईल, कुणी तरी आमदार-खासदार त्यांचा आधार घेऊन प्रश्न विचारेल. अट्रॉसिटी कायदासुद्धा एका दिवसात आला नाही, नोंदींच्या ढिगातून आला.

१९२६ मध्ये एका छोट्या छापखान्याच्या मुद्रकाला कायद्याने पिंजऱ्यात उभे केले होते. आज जगातल्या सर्वात मोठ्या छापखान्याच्या मालकाला निदान समन्स तरी जावे, एवढीच आपली मागणी आहे.

जय भीम!